म्हातारी सोडताना

आधी बंदूक नको. आधी ही बाटली घे, सिग्ने.
तुझ्या आजोबांच्या हृदयाच्या गोळ्यांची,
लेबलावर अजून आहे: व्हर्लिन टोलेफसन, रोज रात्री एक.
आत कुंपणालगतच्या रुईची बोंडं,
ऑक्टोबरात फोडून भरलेली.
टॉर्च खाली धर.
एक म्हातारी चिमटीत घे, बी खुडून टाक,
आणि सोड.
फुंकू नकोस. फुंकलं की ती आपलंच ऐकते.

बघ. ओकच्या खोडापर्यंत सरळ,
मग डावीकडे, मग खाली,
जणू कुणी हात धरून जिना उतरवतंय.
रेडिओवाला म्हणाला वायव्येचा वारा, ताशी आठ मैल.
तो मॅडिसनमध्ये बसून बोलतो.
पहाटे इथली थंड हवा उतारावरून ओघळते, सांडलेल्या दुधासारखी;
ऊन समोरच्या टेकडीच्या कमरेला आलं
की तीच हवा उठून वर चढू लागते.
मधली दहा मिनिटं कुणाचीच नसतात.
तेव्हा मी नाकसुद्धा शिंकरत नाही.

आणि खिंडीत बसायचं नाही, वाट कितीही तुडवलेली दिसो.
खिंडीतला वारा स्वतःच्या शेपटीमागे फिरतो.

हरीण डोळ्यांनी पाहिलेलं माफ करतं.
हललीस, तर एकदा मान वर करून पुन्हा चरेल.
खोकलीस, तर फांदी मोडली समजेल.
नाकाला मात्र दुसरं मत लागत नाही.
त्यांचा वारा तुझ्या तोंडावर हवा.
अमका माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, म्हणतात ना,
इथे ते शब्दशः.

आजोबांचं मचाण वरच्या ओकवर. नऊ पायऱ्या, सातवी मी बदललेली.
खालून, मक्याकडून वारा असेल तरच ते खरं.
आज नाही. आज त्याच्याकडे नुसतं बघायचं आणि पुढे चालायचं.

गेल्या वर्षी मी तसं केलं नाही.
त्याच्याशिवायचा पहिला मोसम.
नियम तुला ठाऊक आहे: कपडे खायच्या सोड्यात धुवायचे,
बाहेर दोरीवर वाळवायचे, सीडरच्या पाल्यात बांधून ठेवायचे.
मी त्याचा कोट धुतला नाही.
डिझेल, गोठा, पाइपचा तंबाखू, आणि कॉलरपाशी तो.
वर नारिंगी बंडी चढवली
आणि त्याच्या मचाणावर गेले, वारा पाठीवर घेऊन.
म्हातारी सोडली. ती सरळ मक्याकडे गेली.
कळलं होतं मला. तरी बसले.

साडेसातला हरिणी आली, मागे वर्षाची पोर.
साठ यार्डांवर थांबली.
नाक उचललं.
एक खूर आपटला. पुन्हा आपटला.
मग अशी फुत्कारली की अख्ख्या दरीला कळावं
व्हर्लिन आलाय.
पांढरी शेपटी, तिच्यामागे दुसरी, संपलं.

चर्चमध्ये आता त्याचं नाव कुणी चुकूनही घेत नाही,
मला जपतात म्हणून.
गिरणीतल्या पोरानं खातेवहीत ते खोडून माझं लिहिलं.
ती मात्र ओळखून होती त्याला.
वय असेल चारेक वर्षं,
त्यातली तीन त्याला चुकवण्यात गेलेली.
मी वर बसून हसले, मोठ्याने.
तसंही दहापर्यंत तिथे काही फिरकणार नव्हतं.

फ्रीजर रिकामाच राहिला.
फेब्रुवारीत शेजारच्या ऑर्लिननं सॉसेज आणून दिलं,
मी घेतलं. मिरी फार होती.

तर आज हे जाकीट, दोनदा धुतलेलं.
कोट तळघरात, पिशवीचं तोंड घट्ट बांधून.
उघडायचा नाही. उघडला की थोडा थोडा जातो.
चल, ओढ्याच्या अलीकडे पडलेल्या बासवुडपाशी बसू.
जमीन ओली आहे, माझे गुडघे कुरकुरतील,
कुरकुरू देत.

आणखी एक सोड.
थांब, बी खुडलं नाहीस.
बरं, जाऊ दे तशीच.
कुठे गेली ते मला सांग,
एवढ्या उजेडात आता
माझ्या डोळ्यांना दिसत नाही.