बाहेरचं काम

लॉबीला मराठीत काय म्हणायचं
यात आमची अख्खी दुपार गेली.
ओसरी म्हटलं, तर दिग्दर्शक म्हणे फार घरगुती.
देवडी म्हटलं, तर भालेवाला पहारेकरी उभा राहतो.
दालन म्हटलं की फीत कापायची कात्री दिसते.
शेवटी इद्रिसनं वायरींच्या हिशेबाच्या वहीत
वरती लिहिलं: बाहेरचं काम.
तेच राहिलं.

आतलं काम माझं नव्हतं.
आत तांबटाची मुलगी, चौदा पदं, ऑर्गन, तबला,
आणि नुसत्या नादावरून भांड्याची चीर ओळखणारा तिचा कान.
माझ्या वाट्याला तिकीटखिडकीपासून दारापर्यंतची
बेचाळीस पावलं,
दोन खांब, एक डाग पडलेला आरसा,
आणि व्यवस्थापक गायधनींची चिठ्ठी:
आगीच्या बंबापुढे काही लटकवू नये.
वड्याचा स्टॉल हलणार नाही.

भांडी भांडीबाजारातून आणली,
मोडीत निघालेली, परत करायच्या बोलीवर.
घंगाळं, तपेली, कळशा, कान तुटलेला हंडा,
आणि पाणी तापवायचा एक बंब,
तो मी आगीच्या बंबाशेजारीच टांगला.
गायधनींना विनोद कळला नाही, किंवा कळला.

काहींच्या काठावर नावं होती.
चि. यमुनेस, आत्याकडून.
एका तपेल्यावरचं नाव घासून त्यावर दुसरं कोरलेलं,
खालचं अजून वाचता येतं, उजेड तिरका पडला तर.
इद्रिसनं दिवा तिरकाच लावला.
मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

जाजमाखाली सेन्सर. पाऊल पडलं
की डोक्यावरच्या भांड्यातून ठोका.
कोपऱ्यात चिंच कोळून ठेवली, जवळ चुलीची राख,
म्हणजे नाटकाआधी नाकाला नाटक कळावं.
मध्यंतराआधीच वड्यानं चिंचेला हरवलं.

पहिल्या प्रयोगाला गंगापूर रोड, सिडको, सातपूर,
सगळीकडून माणसं आली,
आणि एकदम वाजायला लागली.
टण टण टण टण,
मुलं उड्या मारून वाजवतायत, बायका कळशीखाली फोटो काढतायत,
दिग्दर्शकानं लांबून अंगठा दाखवला.
मी खूश होते. खोटं कशाला बोलू.

चार तपेली वडनेरे काकांची होती.
ते पास घेऊन आले आणि आत गेलेच नाहीत.
पहिलं पद सुरू झालं, बाहेर शुकशुकाट,
तेव्हा ते एकटेच जाजमावरून
चप्पल हातात घेऊन चालले. थांबले. परत चालले.
मग मला म्हणाले,
हातोडा पडतो तेवढाच घेतलाय तुम्ही.
उचलतो तो कुठाय?

मी म्हटलं, काका, त्याला आवाज नसतो.
ते म्हणाले, बरं.
आणि भिंतीकडचं तपेलं न्याहाळत बसले,
जसं काही मीच काही बोलले नव्हते.

रात्री दीडला इद्रिस शिडीवर, मी खाली लॅपटॉपशी.
निम्मे ठोके काढून टाकले.
उरलेल्यांच्या मध्ये जागा सोडली,
एका दंडाला लागेल तेवढी, कमी न् जास्त.
माप कुठून आणायचं?
इद्रिस पक्कड हातात घेऊन हवेतच हातोडा मारत राहिला,
मी त्याच्या खांद्याकडे बघून आकडे टाकत गेले.
तीनदा तो दमला. दमल्यावरचे आकडे
मी तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी गायधनी म्हणाले, बिघडलं वाटतं, वाजत नाही.
दिग्दर्शकाचा फोन मी उचलला नाही.

सव्वानऊ. माणसं आत आली, पाऊल टाकलं,
एक ठोका.
मग काही नाही.
टाकलेलं पाऊल मागं घ्यावं की पुढं न्यावं,
दारापर्यंतची सगळी गर्दी जरा अडखळली, कुजबुजली,
वर बघायला लागली.

तिसरी घंटा झाली.
वड्याच्या स्टॉलपाशी एक गृहस्थ, निळा सफारी,
घास तोंडाशी नेता नेता
हात तसाच वर धरून उभा,
चटणी मनगटावरून ओघळतेय,
आणि त्याला पत्ता नाही.