चौदा नंबरचा कॅमेरा

फोटोत आधी झाड दिसतं.
किंजळीचं खोड, त्यावर आम्हीच मारलेला चुन्याचा पट्टा,
आणि पट्ट्याखाली एक राखाडी घसरण,
ओल्या पाटीवरचं अक्षर
कुणी पुसता पुसता सोडून द्यावं तशी.

तारीख एक जानेवारी दोन हजार.
म्हणजे सेल मेले होते, घड्याळ माघारी गेलं होतं.
वेळ तीन बारा, तीही खोटीच असणार.
खरं एवढंच की कणकुंबीच्या वर, रात्री,
काहीतरी डावीकडून आलं
आणि कॅमेऱ्याला जाग येईपर्यंत
बरंचसं निघून गेलं.

जांबोटीच्या कचेरीत मी फोटो मोठा करते.
मोठा केला की जनावर जातं, चौकोन उरतात.
लहान केला की परत येतं,
पण मग ते मांजरही असतं, कोल्हाही,
आणि वाऱ्यानं उडालेलं खताचं पोतंही.

बसलिंग म्हणतो, काडु बेक्कु.
शेपूट आखूड आहे बघा, टोकाला काळी कडी.
म्हणजे आपली बाऊल, मी म्हणते,
पण ती कडी नव्हे, गवताचं पातं आहे.
अंगावर ठिपके आहेत, वाघाटी असेल.
ठिपके कुठले बाई, दव आहे काचेवर.
दव पंधरा दिवसांपूर्वीचं.
मी तरी पदरानं स्क्रीन पुसते.

कान मिळाला असता तर सुटलं असतं.
वाघाटीच्या कानामागे पांढरा टिकला असतो.
हिचा कान फोटोच्या बाहेर राहिलाय,
तिकडं, जिथं कुणी कॅमेरा बांधलेला नाही.

आणि हे बिबट्याचं पिल्लू असेल, तर आई कुठं होती?
फॉर्ममध्ये हा रकाना नाही.

मापासाठी धाकूमामाला नेलं, तिन्हीसांजेला,
उजेड तसाच अंधुक हवा म्हणून.
धाकू येडगे, गवळीवाड्यातला,
हा कॅमेरा त्यानंच बांधलेला.
त्या खोडापुढनं रांगायचं, मामा. हात टेकून.
तो हसला. मग हसायचा थांबला.
थंडी होती, घोंगडं खांद्यावरच ठेवलं,
आणि असा गेला,
पुढचा हात उचलला त्याच जागी मागचा गुडघा टेकत,
पाचोळा न वाजवता,
की बसलिंग एक पाऊल मागं सरला.
मधेच थांबून मामानं कॅमेऱ्याकडे बघितलं.
ते आम्ही सांगितलं नव्हतं.

उठला, गुडघे झाडले, म्हणाला,
कोंबडं न्हेतंय ती बाऊल.
वासरू न्हेतोय तो वाघ.
ह्यानं आमचं काय न्हेलं न्हाई गा,
मग ह्याला नाव कशाला ठिवायचं?

बसलिंगनं कार्ड काढलं.
मामाचाही फोटो हललेला.
पाठ पट्ट्याच्या वर आलेली,
म्हणजे आमचं जनावर त्याच्या निम्म्याहून लहान.
एवढं कळलं. म्हणजे फार काही नाही.
इथं पट्टा, तिथं पट्टा,
मधे सरकलेलं एक अंग.

दोन्ही फोटो बेळगावला पाठवले, साहेबांकडे.
खाली सविस्तर लिहिलं होतं, कन्नडमध्ये,
बसलिंगकडून तपासून घेऊन.
साहेबांनी ते वाचलं नसावं.

आठ दिवसांनी उत्तर आलं.
पहिला फोटो: मांजरकुळातील, अस्पष्ट.
दुसरा: अस्वल, प्रौढ, बहुधा नर.
पुढे खात्रीच्या रकान्यात बरोबरची खूण.

बसलिंग खुर्चीवरून पडायचा राहिला.
मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि मग तो फोटो पुन्हा उघडला.
घोंगड्याची ती काळी पाठ, खाली झुकलेलं डोकं,
आणि उजेडात उमटलेले दोन ठिपके, डोळ्यांचे.
बराच वेळ मला त्यात मामा सापडेना.

त्याला अजून सांगितलेलं नाही.
काल जाऊन नवे सेल घातले.
आता तारीख बरोबर येते.
बसलिंगनं विचारलं, पहिल्याला काय लिहू?
मी म्हटलं, गोत्तिल्ल.
तो म्हणाला, तेवढं कन्नड चालतंय बाई तुमचं.