तिच्या वतीने

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आम्ही सात जणी
रबराच्या इवल्या टोप्यांत भरतो
न येणारा वास.

एका टोपीत सुईच्या टोकाएवढा थेंब.
आधी हात धुवायचे. गजरा नको, पावडर नको,
डब्यात कांदा नको.
तिचा वास आहे तो, आपला मिसळू नये,
असं सुपरवायझर घोसाळकर सांगतात
आणि ‘तिचा’ म्हणताना थोडे लाजतात.
महाराष्ट्रात जाणाऱ्या पाकिटांवर छापलेलं असतं: कामगंध.
आम्ही फक्त नंबर वाचतो.

ती म्हणजे वांग्यावरची पतंगी.
मी कधी पाहिली नव्हती.
अकरा वर्षं तिच्या वतीने
एका शब्दाचे निरोप
पाकिटांत बंद करून फ्रीजमध्ये ठेवत होते:
ये.

परवा पादऱ्याला गेले.
शनाभाईंची वांगी, वीस-वीस पावलांवर काठ्या,
काठीला पिवळा डबा, डब्यात साबणाचं पाणी,
वर टांगलेली टोपी. माझ्या हातची असेल.
पाण्यात पांढरे नर,
भिजलेल्या कण्यांसारखे.
शनाभाईंनी बोटाने मोजले. तेवीस.
वहीत लिहिलं, पाणी बांधावर ओतलं.
मुंग्या लगेच आल्या.
त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“गेल्या साली आठवड्यातून दोनदा फवारा,” ते म्हणाले,
“यंदा सगळा मिळून एकदा.
बायको म्हणते, आता तुमच्या हातांना वास येत नाही.”

अंधार पडला. बसला वेळ होता.
बांधावर टेकले, तर बाहीवर काही हललं.
एक. मग चार.
डबा सोडून माझ्या ओढणीला, कोपराला,
मनगटाच्या आतल्या बाजूला,
जिथे साबण नीट पोचत नाही,
पंख थरथरवत, पोट वाकवत
ते शोधत होते
जी अकरा वर्षं माझ्या अंगावर होती
आणि मला कळली नव्हती.

“बेन, आ तो तमारा मेमान!”
शनाभाईंनी टॉर्च मारला, हसले.
मी झटकलं नाही.
माझ्यासाठी असं अंधारातून कुणी

असो. बस आली.
एक जण आत आला होता,
अटलादऱ्यापर्यंत बाहीवर बसून होता,
तिकीट न काढता.

उद्या सकाळची पाळी आहे.
कुर्ता अजून धुवायला टाकलेला नाही.
गॅलरीत दोरीवर आहे.
दिवा मालवून ठेवलाय.