लिफ्टचं तिकीट

नववीत आम्ही सगळ्यात मागे, वर सज्जात बसायचो.
खाली, व्यासपीठाला लागून, बारावीची पोरं.
त्यांच्या मानेवरचे नुकते कापलेले केस
आणि मुलींच्या स्वेटरांचे खांदे,
मोठेपण म्हणजे आम्हाला इतकंच ठाऊक: पाठमोरं.

पहिल्याच आठवड्यात रेनो सालमेलानं
मला तिसऱ्या मजल्याच्या लिफ्टचं तिकीट विकलं.
दहा सेंट. जाड पुठ्ठा, शाईनं घातलेला नंबर,
खाली झोकदार सही.
मी आणि मिल्का हॉचेव्हर मधली सुट्टी संपेपर्यंत
जिन्याखालच्या दारासमोर उभ्या.
दार उघडलं ते मत्ती झाडूवाल्यानं.
आत दोन बादल्या आणि फडकं बांधलेला दांडा.
"पोरींनो," तो म्हणाला, "शाळेला मजले दोनच.
आणि वर जायचं तर पायांना विचारायचं."

डिसेंबरातल्या त्या सोमवारी
व्यासपीठावर रेडिओ आणून ठेवला.
सज्जापर्यंत नुसती खरखर आली.
काय झालं ते आम्ही
खालच्या मानांकडे बघून ओळखलं.

मग गणिताचे सर गेले.
लॅटिनच्या मिस डनलीव्ही बीजगणित शिकवू लागल्या,
आदल्या रात्री स्वतः शिकून,
आमच्यापुढे जेमतेम एक धडा.
अडल्या की खडू फुंकायच्या.
सुतारकामाच्या तासाला मुलं लाकडाची विमानं तासायची,
काळी रंगवून दोऱ्यानं छताला टांगायची.
शेपटी बघून सांगायचं: आपलं की त्यांचं?
मला सगळी येत.
आजोळी, फिनलंडमध्ये, मामा कुणाच्या बाजूनं लढतोय
हे मात्र मला कुणी विचारलं नाही,
आणि मीही बोलले नाही.
आई रेडिओ बंद करून पाव मळायची,
लागतो त्याच्या दुप्पट वेळ.

आमच्या गावाखाली लोखंड.
रात्रपाळीचा सुरुंग उडाला की
वर्गातल्या दौती एकदा थरथरायच्या,
तरी कुणी मान वर करायचं नाही.
त्या वर्षी खाण रविवारीही चालू.
मत्तीनं शाळेच्या मागचं कुंपण उपटून
भंगाराच्या गाडीत घातलं,
आणि कुंपण नव्हतं तरी आम्ही
फाटक होतं तिथूनच आत यायचो.

दहावीच्या जानेवारीत पुढच्या रांगा फाटल्या.
कुणी अठराचा झाला, कुणी झाल्याचं सांगितलं.
मुख्याध्यापक ट्रेगार्थन चष्मा पुसत वर बघून म्हणाले,
"मागच्यांनो, खाली या. मधे जागा सोडू नका."
आम्ही उतरलो. बूट फार वाजले.
माझ्या वाट्याला आलेल्या खुर्चीच्या हातावर
चाकूनं कोरलेलं रे. सा.,
आणि खाली, बोटांना लागलेलं,
दगड झालेलं च्युइंगगम.
त्या दिवसांत दुकानात ते मिळत नव्हतं.
मिल्का म्हणाली, "खरवड, पाण्यात उकळू."
आम्ही इतक्या हसलो की मला वर्गाबाहेर काढलं.
बाहेर गेल्यावर मी हसत नव्हते.

मे महिन्यात तो सुट्टीवर आला.
गणवेश खांद्यांना मोठा, कान आणखी बाहेर.
सभा चालू असताना मागे उभा राहिला, सज्जाखाली.
मी वळून बघितलं. पहिल्यांदाच
तो मागे होता आणि मी पुढे.

सभा सुटल्यावर मी हात पुढे केला:
"माझे दहा सेंट."
त्यानं खिसे उलटे केले.
पाच निघाले, त्या वर्षीची पोलादी नाणी,
पांढुरकी, दहा सेंटचं नाणं वाटावीत अशी.
"बाकीचे?"
"लिफ्ट सुरू झाली की."

मिस डनलीव्हींच्या कपाटातला लोहचुंबक
मी न विचारता घेतला.
पाचही नाणी एकाखाली एक लटकली,
शेवटचं जरा हलत.
कदाचित आमच्याच खाणीतलं लोखंड, मिल्का म्हणाली,
आणि तास संपल्याची घंटा झाली.

आता त्यांच्यावर गंज चढलाय.
तिकीट कोरं आहे, एक कोपरा दुमडलेला.
शाळा पाडली तेव्हा मी बघायला गेले होते.
वरपासून खालपर्यंत मोजले.
मजले दोनच.