प्रश्न नववा

वसमत, गल्ली तिसरी. सोजरबाई
ज्वारी पाखडत उत्तरं देते.
टॅबवर चार पर्याय:
कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज.
‘मरून जावं वाटलं का, गेल्या दोन आठवड्यांत?’
ती म्हणते, ‘दिवेलागणीला.’

दिवेलागणीला चौकट नाही.
मी ‘बरेचदा’ दाबते.
कुठल्याशा थंड देशात एक ठिपका सरकतो.

संमतीपत्रात लिहिलंय: थेट लाभ नाही.
अंगठ्याची शाई अजून तिच्या सुपाला.
हेल्पलाइनचा नंबर देते,
निधी मार्चअखेर संपला,
तो आता नुसता वाजतो, हे न सांगता.

‘तुला किती भेटायलेत गं, एका फारमाचे?’
‘एकशे दहा.’
‘मंग सुनंला बी इचार.
तिला बी वाटायलंय.’

मी नवा फॉर्म उघडते.