तीनशे चार

राइवोला अहवालासाठी एक आकडा हवा होता:
वर्षभरात संग्रहाच्या साइटवर किती माणसं आली.
आणि पैसे? त्याने खिशाचं अस्तर बाहेर काढून दाखवलं.
म्हणजे फुकटातलं काहीतरी शोध.

कार्दलाच्या ग्रंथालयात, तळघरात, बॉयलरशेजारी
उर्मास सोडून गेलेला सर्व्हर आहे.
उर्मास आता फिनलंडला बोटी रंगवतो.
पासवर्ड तेवढा बियांच्या पाकिटावर लिहून गेला;
बी अजून आत आहे. बीट, लाल.

पहिलं साधन फार जुनं.
रंग बिस्किटाच्या डब्यावरचे.
त्याने डोकी मोजलीच नाहीत, पावलं मोजली,
आणि म्हणालं, चाळीस हजार.
राइवोने टाळी वाजवली.
अख्ख्या बेटावर माणसं जेमतेम नऊ हजार.

दुसरं पर्लमधलं.
त्याला एक मॉड्यूल हवं, त्या मॉड्यूलला दुसरं,
दुसऱ्याला तिसरं, आणि तिसरं आता कुठेच मिळत नाही.
रुसलेल्या व्याह्यासारखं बसून राहिलं.

तिसरं टर्मिनलमध्ये चालणारं, काळ्यावर हिरवं.
लॉग दिला. म्हणालं, परवानगी नाही.
परवानगी दिली. म्हणालं, वाचण्याजोगं काही नाही.
दोन लाख ओळी, आणि वाचण्याजोगं काही नाही!
(तीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. हे वाक्य ओळखीचं आहे.)

दोन दिवस गेले.
मग एकच ओळ घेतली आणि बोट ठेवून वाचत गेले,
पोरांना वाचायला शिकवते तशी:
पत्ता, वेळ, मागणी, उत्तराचा क्रमांक.
आणि या सगळ्याच्या आधी, साइटचं नाव.
उर्मासने सुरुवातीला एक शब्द जास्तीचा जोडला होता
आणि नव्या साधनाला तो कुणी सांगितलाच नव्हता.
इथे घोडं पेंड खात होतं.
सांगितला. पडदा भरला.

पण पाहुणा एकच.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. म्हणजे आम्हीच!
दारातला प्रॉक्सी येईल त्याला बाहेर थांबवून
आत स्वतःचाच पत्ता सांगत होता, वर्षभर.
खरा पत्ता ओळीच्या शेवटी, अवतरणचिन्हांत, अंग चोरून.

तोही काढला. मग बॉट वेगळे केले:
नाव सांगून येणारे, नाव चोरून येणारे,
वर्डप्रेसचं दार धुंडाळणारे.
आमच्याकडे वर्डप्रेस नाहीच,
तरी एका रात्रीत तीनशेदा कडी वाजवतात.
चाळीस हजारांतून उरले दोनशे बारा.
राइवो गप्प. मग म्हणाला,
"बॉटांनी काय घोडं मारलंय?"

मी चारशे चारची यादी पाहत होते,
मागितलेल्या आणि नसलेल्या गोष्टींची.
त्यात एकच मागणी, रात्रीमागून रात्र:
ध्वनिमुद्रण चारशे सतरा.
एकशे अठ्ठावन्न वेळा. नाही. नाही. नाही.
पत्ता टोरांटोचा, असं साधन म्हणतं; त्याचाही अंदाजच.
आमचे पहाटेचे तीन, तिकडे जेवणं उरकलेली.
बॉट असेल?
बॉट ठरल्या सेकंदाला येतो.
हा कधी तीन सातला, कधी तीन सव्वीसला,
नाताळच्या रात्री आलाच नाही.

साइट नवी केली तेव्हा मीच वगळलं होतं ते,
"आवाज अस्पष्ट" असा शेरा मारून.
जुन्या डिस्कवर सापडलं.
रेइगीची हिल्मा, एकाहत्तर साल, हातमोजे विणताना
मोठ्याने टाके मोजते आहे.
दोन उलटे, एक सुलटा. मध्येच कुत्रा.
"थांब, चुकलं," म्हणते कुणाला तरी,
आणि पुन्हा पहिल्यापासून. चार मिनिटं.

परत जागेवर ठेवलं.
कळवणार कुणाला? पत्ता होता, नाव नव्हतं.

अहवालात दोनशे बारा लिहिले.
अनुदान कापतील बहुतेक.

त्या रात्री, तीन अकराला: दोनशे.
सर्व्हरच्या भाषेत, घ्या.
पुढच्या रात्री काहीच नाही.
त्याच्या पुढच्या रात्री, तीन एकोणीसला,
तीनशे चार:
बदललेलं नाही. तुमच्याजवळ आहे तेच.

बॉयलर घुमत होता.
मी त्या ओळीवर बोट ठेवलं,
आणि पहिल्यापासून वाचली.