पात्र

शंभर फुटी रोडला झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
रविवारी चारला मी सतरंजी टाकतो,
मधे स्टीलची परात. फासे तिच्यातच टाकायचे,
कारण वीस बाजूंचा एक फासा मागच्या दिवाळीपासून
कपाटाखाली आहे, आणि कपाट घरमालकाचं आहे.

आज तिघं नवे. शिवाय वाघमोडे काका,
भाच्याचा निरोप द्यायला आले नि बसून राहिले.
कोरे कागद वाटले. म्हणालो, घाई नाही,
आज फक्त पात्र तयार करायचं.
काका म्हणाले, पात्र म्हणजे, कृष्णेचं असतं तसं?
मी नाही म्हणालो.
अजून खात्री नाही.

सन्मती चौगुलेचा पहिला प्रश्न : जास्तीत जास्त किती?
शक्ती अठरा हवी, चपळाई अठरा हवी,
देखणेपणाचा रकाना नव्हता, तो त्यानं आखून घेतला.
परातीत पडले दोन, दोन, एक.
तो फाशांकडे असा बघत बसला
जसा त्याचा बाप यार्डात
हळदीचा भाव पुकारल्यावर बघत असेल.
मग आई-वडिलांच्या पुढं लिहिलं : आगीत गेले.
(नव्यांचे आई-वडील आगीतच जातात.
माझेही गेले होते, पहिल्या खेपेला,
आणि तेवढ्यात आई पोह्यांची बशी घेऊन वर आली होती.)
पेन्सिल टेकते न टेकते तोच फोन :
"दिवस मावळायच्या आत जेवणार आहेस ना रे?"
"हो पप्पा," अनाथ म्हणाला.

सुवार्ता मिरजेहून आलेली, रात्रपाळी डोळ्यांत तशीच.
सगळे म्हणाले, तू वैद्य हो, आपल्याला एक लागतोच.
तिनं चहाचा कप खाली ठेवला.
आठवडाभर लोकांना बरंच करते मी.
मला चोर व्हायचंय.
कुलपं उघडणारी,
आणि मागून कुणी कण्हलं तर ऐकू न येणारी.
लिहिलं : दोन्ही कानांनी बहिरी.
थोड्या वेळानं खोडून : एका.
मग नुसतंच : कमी ऐकू येतं, कधी कधी.
कागद तिथं इतका पातळ झाला
की खालची सतरंजी दिसायला लागली.

तौफिक शिकलगार घरूनच दोनशेपानी वही भरून आलेला.
खापरपणजोबांपर्यंत वंशावळ,
गावच्या विहिरीला पायऱ्या किती,
जकात कुणाकडं भरायची.
तलवार मात्र नको म्हणाला,
घरात सात पिढ्या धारच लावतोय आम्ही.
सगळं होतं. नाव नव्हतं.
तीन नावं मोठ्यानं म्हणून बघितली,
तिन्ही वेळा स्वतःच हसला.
ती रेघ अजून रिकामी आहे.

काकांनी पहिल्या रेघेवर स्वतःचंच नाव घातलं.
वय बासष्ट. धंदा : कंडक्टर, सांगली-जत, निवृत्त.
काका, इथं काहीही होता येतं. राजा, जादूगार.
"असू दे," म्हणाले,
"मला अजून हाच नीट जमलेला नाही."

साडेसहाला लाईट गेली, बरंच झालं.
मेणबत्तीत मी गुहेचं तोंड उभं केलं,
आत काळोख, कुठंतरी पाणी ठिबकतंय.
सन्मती आपले आकडे परत मोजायला लागला,
तौफिक वही चाळायला,
सुवार्ता म्हणाली, आधी कोण?

काकांच्या सामानात एकच वस्तू लिहिलेली :
घंटीची दोरी.
हवेतच त्यांनी ती ओढली, दोनदा.
"चला, आत जागा आहे.
पुढं सरका."